टीएसएच मर्यादेत आला, तरी थकवा का जात नाही?

नेरूळच्या एका ताईंनी त्यांच्या थायरॉईडविषयी सविस्तर लिहून विचारले आहे. त्यांचे वय ३९, नोकरी ऐरोलीला, आणि सकाळी साडेसातच्या आत घर सोडावे लागते. सात महिन्यांपूर्वी थकवा, केस गळणे, बद्धकोष्ठता आणि पाळीत फार अंगावर जाणे अशा तक्रारींमुळे तपासणी झाली. तेव्हा टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक; ग्रंथी मंदावली की ते वाढते) १४.६ होता, फ्री टी४ (थायरॉईडचे रक्तातले मोकळे संप्रेरक) किमान मर्यादेच्या खाली होता आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडे) बरेच वाढलेले होते. आधी लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईड संप्रेरकाची, ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, तीन महिन्यांपूर्वी ती ७५ची झाली आणि गेल्या आठवड्यात टीएसएच ३.१ आला. मात्र थकवा जेमतेम निम्मा कमी झाला आहे, केस अजून गळतात, वाढलेल्या नऊ किलोंपैकी दोनच किलो उतरले आहेत आणि कामाच्या ठिकाणी नावे व आकडे पटकन आठवत नाहीत. त्यांचा प्रश्न असा की, रिपोर्ट नॉर्मल आहे तर बरे का वाटत नाही, डोस वाढवून घ्यावा का, की गोळी लागूच पडत नाही असे समजून ती बंद करावी? ओघात त्यांनी आणखी काही गोष्टी सांगितल्या आहेत: गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते, नाश्त्यानंतर कॅल्शियम असते, केसांसाठी बायोटिनची गोळी चालू आहे, त्या शाकाहारी आहेत आणि सासूबाईंच्या आग्रहामुळे घरात कोबी-फ्लॉवर बंद आहे.

ताई, मी ठाण्यात फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते आणि तुमच्यासारखा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. मी तुम्हाला तपासलेले नाही, त्यामुळे डोसचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील. पण तुम्ही दिलेल्या तपशिलावरून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. तुम्ही हा सगळा प्रश्न एकाच आकड्याला विचारत आहात, आणि तो आकडा त्याचे उत्तर देऊ शकत नाही. टीएसएच मर्यादेत येणे ही उपचाराची सुरुवात नीट झाल्याची खूण आहे. शरीरातला प्रत्येक अवयव त्यानंतर आपापल्या गतीने सावरतो. त्यातच तुमच्या बाबतीत तो ३.१ हा आकडा कितपत खरा मानायचा, हेही आधी तपासावे लागेल.

प्रथम हा आकडा काय मोजतो ते पाहू. थायरॉईड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या भागात, स्वरयंत्राच्या खाली असते आणि निरोगी माणसात तिचे वजन साधारण १५ ते २० ग्रॅम भरते. ती मुख्यतः टी४ हे संप्रेरक तयार करते. पेशींमध्ये प्रत्यक्ष काम करणारे संप्रेरक मात्र टी३ आहे, आणि त्यातला बहुतांश भाग यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी४ पासून तयार होतो. टीएसएच हे मुळात थायरॉईडचे संप्रेरक नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी ते सोडते आणि त्याद्वारे थायरॉईडला कामाला लावते. रक्तातला टी४ थोडा जरी कमी झाला तरी पिट्युटरी टीएसएच कितीतरी पटीने वाढवते, म्हणून आजार लवकर ओळखण्यासाठी ही तपासणी फार चांगली आहे. पण तिच्यातून कळते ते एवढेच, की पिट्युटरीला पुरेसे संप्रेरक मिळत आहे. तुमच्या केसांच्या मुळांचे, पायांच्या स्नायूंचे आणि स्मरणशक्तीचे काय चालले आहे, याची वेगळी नोंद त्या अहवालात नसते.

ग्रंथी मंदावण्याचे कारण तुमच्या बाबतीत बहुधा हाशिमोटोचा आजार हे आहे. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यविशारदांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती थायरॉईडच्या पेशींवर हल्ला करते आणि ग्रंथीची क्षमता वर्षानुवर्षे हळूहळू घटत जाते. अँटी-टीपीओ वाढलेले असणे ही त्याचीच खूण आहे. हा आजार दुर्मीळ मुळीच नाही. मुंबईसह भारतातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉईडची कमतरता आढळली, आणि स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक होते.

संप्रेरक कमी पडले की शरीरात नेमके काय होते, हे जरा विस्ताराने सांगते, कारण कोणती तक्रार किती दिवसांत जाईल याचे उत्तर त्यातच आहे. पेशी ऊर्जा किती वेगाने वापरतात हे टी३ ठरवते. ते कमी झाले की उष्णता कमी निर्माण होते आणि थंडी सोसत नाही. आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या हवेत हे लक्षण सहज लपून जाते, कारण इथे थंडी फारशी पडतच नाही. म्हणून मी नोकरी करणाऱ्या रुग्णांना थंडीविषयी न विचारता ऑफिसातल्या एसीविषयी विचारते. सगळे शर्टाच्या बाह्या दुमडून बसलेले असताना आपल्याला एकटीलाच शाल लागते, असे उत्तर आले की मी लगेच नाडी पाहते. ती बऱ्याचदा मंद असते, आणि रक्तदाबाचा खालचा आकडा वाढलेला असतो. आतड्यांची हालचाल मंदावल्याने बद्धकोष्ठता होते. या दोन्ही गोष्टी, म्हणजे नाडीचा वेग आणि पोट, गोळी सुरू झाल्यावर सर्वांत आधी, काही आठवड्यांतच सुधारू लागतात. तुमच्या पत्रात बद्धकोष्ठता सुरुवातीच्या तक्रारींत आहे, आताच्या तक्रारींत नाही. याचा अर्थ गोळी तुम्हाला लागू पडते आहे, आणि तिसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुम्ही स्वतःच देऊन ठेवले आहे.

कोलेस्टेरॉलचेही असेच आहे. संप्रेरक कमी असले की यकृताच्या पेशी रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल कमी उचलतात आणि ते वाढलेले दिसते. टीएसएच नीट झाल्यावर दोन-तीन महिन्यांत ते बरेचसे आपोआप उतरते. त्यामुळे फार वाढलेल्या टीएसएचबरोबर कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले, आणि हृदयविकारासारखे तातडीचे कारण नसले, तर मी आधी थायरॉईड सुधारून मग पुन्हा कोलेस्टेरॉल तपासते. थायरॉईडची कमतरता तशीच ठेवून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन औषधे सुरू केली, तर स्नायूंच्या दुखण्याचा त्रास होण्याची शक्यता वाढते.

त्वचेला अधिक वेळ लागतो. या आजारात त्वचेखाली हायल्युरॉनिक आम्लासारखे पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठतात. म्हणून चेहरा आणि पापण्या सुजल्यासारख्या दिसतात, आवाज जाड होतो आणि जीभही जड वाटते. मनगटाच्या आत हीच सूज मज्जातंतूवर दाब आणते आणि रात्री बोटांना मुंग्या येतात. अशा मुंग्यांसाठी मानेचा एक्स-रे काढून मणक्याचे उपचार चालू असलेले रुग्ण मी पाहिले आहेत. हे साठलेले पदार्थ विरघळून जायला काही महिने लागतात. स्नायूंचेही तसेच, जिना चढताना मांड्या भरून येणे आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येणे या तक्रारी टीएसएच मर्यादेत आल्यावरही बरेच दिवस राहतात.

केस तर सर्वांत शेवटी येतात. डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग साधारण तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. थायरॉईड मंदावले की नेहमीपेक्षा कितीतरी अधिक केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात. आज कंगव्यात येणारा केस तीन-एक महिन्यांपूर्वीच गळायला निघालेला असतो, आणि तुमचा डोस तर तीन महिन्यांपूर्वीच ७५वर आला. त्यानंतर उगवणारा नवा केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून केस भरल्यासारखे दिसायला टीएसएच स्थिर झाल्यापासून सहा महिने ते वर्षभर द्यावे लागते. विस्मरण आणि विचारांतला मंदपणा यांचा काळ व्यक्तीगणिक बदलतो, पण त्यांनाही मी आठवड्यांत नाही तर महिन्यांतच मोजते.

वजनाविषयी मला थोडे कटू सत्य सांगावे लागेल. थायरॉईडच्या कमतरतेने वजन वाढते हे खरे, पण ती वाढ बहुतेकांत दोन ते पाच किलोंच्या आसपास असते आणि तिच्यातला मोठा वाटा चरबीचा नसून शरीरात साठलेल्या पाण्याचा आणि मिठाचा असतो. तुमचे दोन किलो उतरले ते बहुधा हेच पाणी होते. आणखी एक-दोन किलो उतरतीलही. उरलेल्या वजनाचे कारण मात्र बहुधा थायरॉईडमध्ये सापडणार नाही. बैठे काम, अपुरी झोप, थकव्यामुळे सुटलेले चालणे आणि रात्रीचे उशिरा होणारे जेवण यांत शोधावे लागेल. वजन उतरवण्यासाठी गोळीचा डोस वाढवत जाणे हा मार्ग मी कोणालाच सुचवत नाही, कारण गरजेपेक्षा अधिक संप्रेरकाने चरबीबरोबर स्नायू आणि हाडेही झिजतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. पन्नाशी-साठीनंतर तर हा धोका फारच खरा आहे.

आता तुमच्या ३.१ या आकड्याकडे वळू. केसांसाठी तुम्ही घेत असलेली बायोटिनची गोळी या बाबतीत महत्त्वाची आहे. अशा गोळ्यांमध्ये बायोटिन पुष्कळदा ५ किंवा १० मिलिग्रॅम असते. शरीराची रोजची गरज त्याच्या कित्येक पटींनी कमी, केवळ काही मायक्रोग्रॅमची आहे. अनेक प्रयोगशाळांतल्या थायरॉईडच्या तपासण्या बायोटिनचाच वापर करणाऱ्या रासायनिक पद्धतीवर चालतात. रक्तात ते जास्त असले की टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी आणि फ्री टी४ प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो. सगळ्याच यंत्रांत असे होत नाही, आणि तुमच्या प्रयोगशाळेची पद्धत कोणती हे मला माहीत असण्याचे कारण नाही. पण थकवा कायम असताना अहवाल अचानक चांगला आला आणि त्याच काळात बायोटिन सुरू झाले असेल, तर तो अहवाल पुन्हा करून घेण्यापूर्वी मी त्यावर कोणताही निर्णय घेणार नाही. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस, आणि शक्य असल्यास त्याहून जास्त, बायोटिन बंद ठेवा. केसगळतीचे खरे कारण थायरॉईड असताना बायोटिनचा काही विशेष उपयोगही होत नाही, त्यामुळे ते कायमचे थांबवले तरी तुमचे काही बिघडणार नाही.

रक्त देण्याच्या वेळेचेही थोडे पाहावे लागते. टीएसएच पहाटे अधिक असतो आणि दुपारी कमी होतो. एकदा सकाळी सात वाजता घरी येऊन नमुना नेला आणि पुढच्या वेळी ऑफिसातून परतताना वाशीला उतरून संध्याकाळी रक्त दिले, तर दोन आकड्यांतला फरक आजाराचा आहे की घड्याळाचा, हे कळणार नाही. एकच प्रयोगशाळा, साधारण तीच वेळ, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर, एवढे पाळा. डेंग्यू किंवा टायफॉईडसारख्या आजारातून उठताना टीएसएच तात्पुरता वाढलेला दिसू शकतो, म्हणून अशा वेळी केलेल्या तपासणीवर डोस बदलण्याची घाई करू नये.

यापुढची बाब गोळी घेण्याच्या पद्धतीची, आणि माझ्या अनुभवात डोस वाढवण्याची गरज सर्वांत जास्त वेळा इथेच टळते. लेव्होथायरॉक्सिन आतड्यातून पूर्णपणे कधीच शोषले जात नाही. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घेतले तर चांगले शोषले जाते. चहा, कॉफी आणि दूध त्यात अडथळा आणतात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्याला आतड्यातच बांधून ठेवतात, म्हणून त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचे अंतर हवे. ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही शोषण कमी होते. तुम्ही चहाबरोबर गोळी आणि नाश्त्यानंतर कॅल्शियम घेत आहात. म्हणजे कागदावर ७५ मायक्रोग्रॅम असले तरी त्यातले रोज किती आत जाते ते सांगता येत नाही, आणि ते रोज सारखेही नसणार. पहाटे उठल्याबरोबर गोळी घेऊन निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा थांबवता आला तर उत्तम. ट्रेन गाठण्याच्या धावपळीत ते जमत नसेल, तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना घेतलेली गोळीही तितकेच चांगले काम करते. माझ्याकडच्या नोकरी करणाऱ्या अनेक स्त्रियांना मी तीच वेळ देते. अट एकच, की त्यानंतर दूध नको. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावे.

एखादा दिवस गोळी चुकली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नसते. रक्तातला टी४चा साठा निम्मा व्हायला सुमारे सात दिवस लागतात. सोसायटीच्या गच्चीवरची मोठी टाकी एक दिवस पंप चालला नाही म्हणून रिकामी होत नाही, तसेच हे आहे. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशीच्या गोळीबरोबर घेतली तरी सहसा चालते. हृदयविकार असलेल्यांनी मात्र विचारल्याशिवाय तसे करू नये. याच कारणाने डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबूनच टीएसएच तपासायचा असतो. तिसऱ्या आठवड्यात केलेली तपासणी म्हणजे निम्म्या वाटेवरचा आकडा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत एक खबरदारी आवर्जून घ्यावी: ही गोळी ओल, उष्णता आणि उजेड यांनी खराब होते, म्हणून बाटलीचे झाकण घट्ट लावून ती कपाटात ठेवावी. स्वयंपाकघरात गॅसजवळच्या फळीवर ठेवू नये, आणि महिनाभराच्या गोळ्या उघड्या डबीत काढूनही ठेवू नयेत.

हे सारे नीट केल्यावरही थकवा उरला, तर? तुमच्या पत्रात याचे एक संभाव्य उत्तर आहे, आणि माझा सर्वांत मोठा संशय त्यावरच आहे. पाळीत फार अंगावर जात होते, असे तुम्ही लिहिले आहे. थायरॉईडच्या कमतरतेत बीजोत्सर्ग अनियमित होतो आणि रक्त गोठण्याची क्रियाही थोडी बिघडते, त्यामुळे रक्तस्राव वाढतो. महिनोन् महिने असा स्राव झाला की शरीरातला लोहाचा साठा संपत जातो. थायरॉईडला संप्रेरक तयार करण्यासाठी लागणारे एन्झाइमही लोहावरच चालते, म्हणजे लोहाची कमतरता ग्रंथीलाही आणखी मागे खेचते. मग टीएसएच गोळीने सुधारतो, पण थकवा, केसगळती, धाप आणि एकाग्रता न होणे हे सगळे तसेच राहते, कारण ते आता लोहाच्या कमतरतेमुळे होत असते. हिमोग्लोबिन १२च्या आसपास असले म्हणून लोह पुरेसे आहे असे होत नाही. साठा किती आहे ते फेरिटिन सांगते, आणि ते ३०च्या खाली असले तर साठा रिकामा होत आला आहे असे समजून मी उपचार करते. लोहाची गोळी सुरू झाल्यास थायरॉईडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवायची हे पुन्हा सांगते, कारण एकीचा उपचार करताना दुसरीचा बिघडवणे इथे फार सोपे आहे.

तुम्ही शाकाहारी आहात, म्हणून बी१२ही तपासावे. त्याला आणखी एक कारण आहे. हाशिमोटो असलेल्या काही जणांमध्ये जठराच्या अस्तरावरही प्रतिकारशक्तीचा असाच हल्ला होतो आणि बी१२ आतड्यातून शोषलेच जात नाही. विस्मरण, हातापायांना मुंग्या आणि थकवा ही त्याचीही लक्षणे असल्याने ती थायरॉईडच्या खात्यावर जमा होतात आणि खरे कारण मागे राहते. तुम्ही घोरत असाल, सकाळी उठल्यावर डोके जड वाटत असेल, तर झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्याचा विचार व्हावा. मन उदास राहते का, ज्यात पूर्वी आनंद वाटायचा त्यातला रस गेला आहे का, हेही स्वतःला विचारा आणि उत्तर होय असेल तर ते डॉक्टरांना सांगायला संकोचू नका. थायरॉईडच्या कमतरतेत नैराश्य येते आणि संप्रेरक सुधारल्यावर ते पुष्कळदा निवळतेही, पण प्रत्येकाचे निवळत नाही, आणि त्याला वेगळे उपचार आहेत.

सगळी कारणे तपासून झाल्यावर, टीएसएच खरोखर मर्यादेत असतानाही त्रास उरलेले थोडे रुग्ण असतात, हेही मी मान्य करते. त्यांच्यासाठी टी४बरोबर टी३ देण्याचे प्रयोग बरेच झाले आहेत. त्यांतून सरसकट फायदा दिसला नाही. मी त्या वाटेला क्वचितच आणि अंतःस्रावी विकारांच्या तज्ज्ञांशी बोलूनच जाते. तुम्ही आज त्या टप्प्यावर आहात असे मला वाटत नाही.

डोस वाढवावा का, याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. बहुतेक प्रौढांमध्ये ०.४ ते ४च्या दरम्यानचा टीएसएच पुरेसा मानतात, आणि ३.१वरून १.५वर आणल्याने प्रत्येकाला फरक जाणवतोच असे नाही. बायोटिन थांबवून, गोळी नीट घेऊन आठ आठवड्यांनी केलेल्या तपासणीत आकडा ४च्या वर आला तर डोस वाढवणे योग्य ठरेल. उलट चहा आणि कॅल्शियम दूर केल्यावर याच ७५ मायक्रोग्रॅमने तो १.५वर येऊन बसला, असेही होऊ शकते. अपत्याचा विचार असेल तर मात्र गणित बदलते. तेव्हा गर्भधारणेआधीच टीएसएच २.५च्या खाली हवा, आणि गर्भ राहिल्याचे कळताच डोस साधारण २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो, कारण पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असते. अशा वेळी पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. सत्तरीपुढच्या माणसांचे उलटे आहे. त्यांच्यात थोडा वाढलेला टीएसएच वयानुसार असू शकतो आणि त्याच्या मागे लागून गोळी वाढवणे हृदयाला महागात पडते.

गोळी बंद करण्याविषयी मी स्पष्टपणे लिहिते. काही जणांची गोळी खरोखर बंद होऊ शकते. बाळंतपणानंतरच्या वर्षात ग्रंथीला आलेली तात्पुरती सूज, एखाद्या औषधामुळे आलेला मंदपणा, किंवा फ्री टी४ नीट असताना एकाच अहवालात ५-६ टीएसएच दिसल्याने सुरू झालेली गोळी, अशा वेळी देखरेखीखाली ती कमी करून पाहणे रास्त आहे. तुमचा टीएसएच १४.६ होता, फ्री टी४ कमी होता आणि प्रतिपिंडे वाढलेली होती. अशा ग्रंथीने पुन्हा पूर्ण काम करण्याची शक्यता फार थोडी असते. गोळीत जे आहे ते शरीराबाहेरचे काही नाही. ग्रंथी जो टी४ बनवते, तोच रेणू आहे. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्लिश डॉक्टरांनी याच आजाराने खंगलेल्या ४६ वर्षांच्या स्त्रीला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्याआधी या आजाराला भरवशाचा उपचार नव्हता. ती स्त्री त्या अर्कावर पुढे २८ वर्षे जगली. तिला जे मेंढीच्या ग्रंथीतून मिळवावे लागले, ते आज शुद्ध स्वरूपात आणि मोजून मिळते. आयुष्यभर गोळी घ्यावी लागण्याचे दुःख मी समजू शकते, विशेषतः चाळिशीच्या आत. पण गोळी सोडल्यावर काही आठवडे काहीच होत नाही, त्यामुळे सोडल्याने बरे वाटते असा भास होतो आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे परत येते. तो भास फार फसवा आहे.

सासूबाईंना समजावून कोबी-फ्लॉवर पुन्हा घरात आणा. शिजवलेल्या आणि नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या या भाज्यांनी, आहारात आयोडीन पुरेसे असताना, काही नुकसान होत नाही. सोयाबीनचे पदार्थ गोळीच्या वेळेपासून दूर ठेवले म्हणजे झाले. मीठ मात्र आयोडीनयुक्तच वापरा. सैंधव मीठ आरोग्यदायी म्हणून रोजच्या स्वयंपाकात वापरण्याची पद्धत अलीकडे घरोघरी दिसते, पण त्यात आयोडीन नगण्य असते. आपल्या देशात गलगंडाविरुद्धचा कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला आणि आयोडीनयुक्त मिठामुळेच त्याला यश मिळाले. ते यश घरातल्या घरात गमावू नये, विशेषतः घरात मुले आणि गर्भवती असताना. याउलट, हाशिमोटो असताना आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या वेगळ्या गोळ्या घेऊ नका; जादा आयोडीनने ग्रंथी आणखी मंदावू शकते.

तेव्हा आज डोस बदलू नका. बायोटिन थांबवा, गोळीची वेळ आजच ठरवून घ्या, कॅल्शियम दुपारी न्या आणि या नव्या पद्धतीने आठ आठवडे काढा. मधल्या काळात छातीत धडधड, छातीत दुखणे, धाप वाढणे किंवा पायांवर सूज असे काही झाले, तर थांबू नका, लगेच दाखवा. आठ आठवड्यांनी सकाळी गोळीआधी टीएसएच आणि फ्री टी४साठी रक्त द्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि बी१२ मात्र आत्ताच, या आठवड्यात करून घ्या, कारण त्यांत कमतरता निघाली तर तिचा उपचार दोन महिने लांबवण्याचे काहीच कारण नाही.